अजिंठ्याची नौका आणि वाशिमचे लाकूड : नौकाप्रतिकृतीची साधनसामग्री व रचनापद्धती

१. विषयाचा संदर्भ

वाशिम हे नगर समुद्रापासून सुमारे साडेचारशे किलोमीटर आत आहे. तेथील सुतारास बैलगाडी, वखर, तिफण, दारे-खिडक्या व माळवदी घरांचे खांब-तुळया यांची घडण परिचित आहे, नौकेची नाही. तेव्हा लाकडी नौकाप्रतिकृतीच्या साधनसामग्रीचा विचार या जिल्ह्याच्या संदर्भात करणे प्रथमदर्शनी विसंगत वाटेल. परंतु भारतीय नौकेच्या इतिहासातील एका अत्यंत महत्त्वाच्या पुराव्याशी वाशिमचा संबंध निकटचा आहे. हा संबंध ध्यानात घेतला म्हणजे विसंगती पुष्कळशी दूर होते.

वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ती राजधानी होती. या शाखेचे स्वतंत्र अस्तित्व १९३९ साली वाशिम येथे उपलब्ध झालेल्या द्वितीय विंध्यशक्तीच्या ताम्रपटामुळे निश्चित झाले. याच शाखेतील राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरविले, हे तेथील शिलालेखावरून स्पष्ट होते. अजिंठ्याच्या उत्तरकालीन लेण्यांचे मुख्य कार्य हरिषेणाच्या काळी, म्हणजे इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, झाले असे बहुसंख्य अभ्यासक मानतात. काही अभ्यासक त्यांतील काही भाग किंचित नंतरचा ठरवितात. या लेण्यांपैकी दुसऱ्या लेण्यात पूर्णाच्या अवदानकथेच्या चित्रणात एक समुद्रगामी नौका रंगविलेली आहे. वत्सगुल्माच्या राज्यकालातील चित्रकाराने समुद्र पाहिला होता की नाही हा प्रश्न वेगळा. पण नौकेचे जे रूप त्या काळी ज्ञात होते, त्याचे चित्र त्याने मागे ठेविले आहे.

या चित्राला अलीकडे अनपेक्षित महत्त्व प्राप्त झाले. त्याच्याच आधारे गोव्यात एक पूर्णाकृती शिवलेली नौका बांधण्यात आली. केरळचे कुशल नौकाकार बाबू शंकरन यांच्या मार्गदर्शनाखाली सप्टेंबर २०२३ मध्ये तिचा कणा घातला गेला आणि २१ मे २०२५ रोजी कारवार येथे 'कौंडिण्य' या नावाने ती भारतीय नौदलात दाखल झाली. २९ डिसेंबर २०२५ रोजी ती पोरबंदरहून मस्कतकडे निघाली व जानेवारी २०२६ मध्ये तेथे पोहोचली. मूळ नौकेचा आराखडा उपलब्ध नसताना केवळ चित्रावरून हे कार्य करावे लागले. बांधणीपूर्वी मद्रासच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या सागरी अभियांत्रिकी विभागाने प्रतिकृतीवर जलगतिविषयक चाचण्या घेतल्या. चित्र आणि नौका यांच्यामधील दुवा प्रतिकृतीच होती, ही गोष्ट येथे विशेष लक्षणीय आहे.

प्रस्तुत लेखात अशा प्रतिकृतीसाठी लागणारी सामग्री व रचनेच्या पद्धती यांचे विवेचन केले आहे. त्यात दोन मुद्दे प्रतिपादावयाचे आहेत. पहिला असा की, या कामास लागणारी बहुतेक सर्व सामग्री वाशिमसारख्या समुद्रविन्मुख जिल्ह्यात मिळू शकते. दुसरा, व अधिक महत्त्वाचा, असा की प्रतिकृतीची रचनापद्धती मूळ नौकेच्या रचनापद्धतीशी विसंगत असेल तर ती प्रतिकृती कितीही सुबक असली तरी अभ्यासाच्या दृष्टीने असत्य ठरते.

२. चित्रातील पुरावा

मुंबईच्या कलाशाळेतील जॉन ग्रिफिथ्स यांनी अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रती करविल्या व त्यांवरील ग्रंथ १८९६-९७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात या नौकेचे वर्णन आले असून पुढील बहुतेक अभ्यासकांनी त्याचा उपयोग केला आहे. नौकेची नाळ व पिछाडी दोन्ही उंच आहेत. तीन डोलकाठ्या असून प्रत्येकीवर उंच, अरुंद व आयताकार शीड आहे. पुढील बाजूस बाहेर झुकलेल्या काठीवर चौकोनी शीड वाऱ्याने फुगलेले दाखविले आहे. पिछाडीस सुकाणूचे काम करणारी वल्ही आहेत. आच्छादनाखाली मडकी मांडलेली आहेत.

चित्रात काय नाही, हेही तितकेच विचारात घ्यावयास हवे. पाण्याखालचा भाग त्यात दिसत नाही. फळ्यांची जाडी, त्यांचे सांधे, आतील फासळ्यांची संख्या यांविषयी चित्र मौन बाळगते. शिवाय भारतीय भित्तिचित्रात माणसांचे आकारमान कथेतील महत्त्वानुसार ठरते. त्यामुळे माणसाच्या उंचीवरून नौकेची लांबी काढणे धोक्याचे आहे. या रिक्त जागा इतर पुराव्यांनी भरून काढाव्या लागतात. उदाहरणार्थ, इंडोनेशियातील बेलितुंग बेटाजवळ १९९८ साली सापडलेल्या नवव्या शतकातील भग्न नौकेच्या फळ्या खिळ्यांनी न जोडता दोरीने शिवलेल्या होत्या. केरळ, लक्षद्वीप व ओमान येथे ही परंपरा अगदी अलीकडेपर्यंत टिकून होती. भोजाच्या नावावर असलेल्या 'युक्तिकल्पतरु' या ग्रंथात समुद्रगामी नौकेस लोखंडाचे बंध घालू नयेत असे सांगितले असून त्याचे कारण समुद्रातील लोहचुंबक असे दिले आहे. कारण ग्राह्य नसले तरी त्यामागील प्रघात खरा असावा, असे उपरिनिर्दिष्ट पुराव्यांवरून दिसते.

३. प्रतिकृतीचे प्रकार

उद्देशानुसार नौकाप्रतिकृतीचे तीन प्रकार मानता येतील : दर्शनी, परीक्षणार्थ व संशोधनार्थ.

दर्शनी प्रतिकृतीत बाह्य रूपास महत्त्व असते. परीक्षणार्थ प्रतिकृतीत पाण्याखालील आकार व वजन यांना महत्त्व असून बाकीचे तपशील गौण असतात. या प्रकारचा पाया इंग्रज अभियंता विल्यम फ्रूड याने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घातला. त्याच्या नियमानुसार प्रतिकृतीचा वेग मूळ वेगाच्या तुलनेत प्रमाणाच्या वर्गमुळाने घटतो व वजन प्रमाणाच्या घनाने घटते. १:१६ प्रमाणाच्या प्रतिकृतीत मूळचा ६ नॉटचा वेग १·५ नॉट होतो. मूळ नौकेचे वजन ५० टन धरले तर १:२४ प्रमाणाच्या प्रतिकृतीचे वजन सुमारे ३·६ किलोग्रॅम असावे लागेल. लाकडाची निवड करताना या हिशेबाचा विसर पडता कामा नये.

संशोधनार्थ प्रतिकृतीचा हेतू याहून निराळा आहे. नौका कशी दिसत होती यापेक्षा ती कशी बांधली गेली, या प्रश्नाचे उत्तर ती शोधते. ज्या नौकापरंपरेत आराखडे कागदावर काढले जात, तेथे या प्रकाराची निकड कमी असते. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या नौकाकारांनी सागवानाची जी लढाऊ जहाजे बांधली, त्यांपैकी १८१७ साली जलावतरण झालेले 'ट्रिंकोमाली' हे जहाज इंग्लंडात हार्टलपूल येथे आजही जतन केलेले आहे. त्याचे आराखडे इंग्लंडहून ज्या जहाजातून येत होते ते १८१२ च्या डिसेंबरात अमेरिकन नौदलाशी झालेल्या लढाईत नष्ट झाले, तेव्हा आराखड्यांची दुसरी प्रत पाठवावी लागली व बांधणीस विलंब झाला. याउलट कोकणातील वा मलबारातील पारंपरिक नौकाकाराचा आराखडा त्याच्या स्मरणात व हातात असे. तो हात थांबला की आराखडा नष्ट होतो, आणि त्याची दुसरी प्रत कोठूनही मागविता येत नाही. संशोधनार्थ प्रतिकृतीचे खरे मोल येथे आहे.

४. प्रमाणाची निश्चिती

'कौंडिण्य' नौकेची लांबी सुमारे १९·६ मीटर व रुंदी सुमारे ६·५ मीटर आहे. हीच मापे आधारभूत धरल्यास १:४८ या प्रमाणात प्रतिकृतीची लांबी सुमारे ४१ सें.मी. व रुंदी १३·५ सें.मी. होते, १:२४ या प्रमाणात ती अनुक्रमे ८२ व २७ सें.मी. होतात.

१:४८ हे प्रमाण युरोपात फार रूढ आहे. एका फुटास पाव इंच या इंग्रजी मापनातून ते आले. मेजावर ठेवण्यास ते सोयीचे असते. परंतु शिवलेल्या नौकेच्या बाबतीत त्याची मर्यादा तत्काळ जाणवते. फळीची जाडी ४ सें.मी., टाक्यांतील अंतर ८ सें.मी. व छिद्राचा व्यास १२ मि.मी. असे गृहीत धरू. १:४८ मध्ये छिद्र पाव मिलिमीटरचे होते. ते हाताने पाडणे जवळजवळ अशक्य आहे. १:२४ मध्ये ते अर्ध्या मिलिमीटरचे होते व टाक्यांतील अंतर ३·३ मि.मी. येते. हे शक्य कोटीतील आहे. तथापि ८० सें.मी. लांबीच्या एका सांध्यावर सुमारे २४० टाके व प्रत्येक टाक्यास दोन छिद्रे, असे दोन्ही बाजूंचे मिळून तीस सांधे धरल्यास छिद्रांची संख्या चौदा हजारांवर जाते.

यावर व्यवहार्य तोडगा असा की, एका नौकेच्या दोन प्रतिकृती कराव्यात. पहिली १:४८ प्रमाणाची, संपूर्ण आकार व शीडांची मांडणी दाखविणारी. दुसरी १:६ प्रमाणाची, नौकेच्या मध्यभागाचा केवळ एक छेद दाखविणारी. दुसऱ्या प्रतिकृतीत फळी सुमारे ६·७ मि.मी. जाडीची, टाके १३ मि.मी. अंतरावर व छिद्र २ मि.मी. व्यासाचे होते. येथे खरा काथ्या व खरी दोरी वापरता येते व टाका घालण्याची क्रिया मूळ क्रियेसारखीच राहते.

५. लाकडाची निवड

नौका सागवानाची, म्हणून प्रतिकृतीही सागवानाची असावी, हा समज सार्वत्रिक असला तरी तो तपासून घेतला पाहिजे. सागाचे लाकूड वलयरंध्री आहे. त्याच्या प्रत्येक वाढवलयाच्या आरंभी मोठ्या रंध्रांची ओळ असते व ती नुसत्या डोळ्यांनी दिसते. असे रंध्र ०·३ मि.मी. व्यासाचे धरले तर १:४८ प्रमाणात ते मूळ नौकेवरील चौदा मिलिमीटरांच्या भोकाइतके होते. खऱ्या सागवानी जहाजावर फळीला अंगठा जाईल एवढी भोके नसतात. याचा अर्थ असा की, प्रतिकृतीत सागाचे लाकूड सागासारखे दिसत नाही. त्याशिवाय सागातील सिलिका हत्याराची धार लवकर बोथट करते आणि त्यातील तेलकट अंशामुळे सरस नीट धरत नाही.

वाशिमच्या पानझडी वनांत व एकंदर विदर्भात आढळणाऱ्या वृक्षांचा या दृष्टीने विचार केल्यास पुढील लाकडे उपयुक्त ठरतात.

हळदू. या कामासाठी सर्वांत योग्य लाकूड हेच. त्याची रंध्रे अतिशय सूक्ष्म व सर्वत्र सारखी विखुरलेली असतात. रेषा जवळजवळ दिसत नाहीत. ताजे असता ते हळदीसारखे पिवळे असते व हवेने हळूहळू तपकिरी पिवळे होते. पूर्वी याच्या फण्या होत असत, यावरून त्याच्या घट्ट व बारीक पोताची कल्पना येते. युरोपीय कारागीर ज्या ठिकाणी बॉक्सवुड वापरतात तेथे हळदू चालतो. फळ्या, कप्प्या व कोरीव भाग यांसाठी तो घ्यावा. कळंबाचे लाकूड त्याच्या जवळचे असून हळदू न मिळाल्यास वापरता येते.

शिवण. वजनाने हलके, कापण्यास सोपे व एकदा वाळले की फारसे न वाकणारे हे लाकूड आतील ठोकळा, थर व साचे यांसाठी उत्तम. परीक्षणार्थ प्रतिकृतीत वजन आटोक्यात ठेवण्यासही ते सोयीचे आहे.

टेंभुर्णी. हिचा गाभा काळा असतो. नौकेच्या काळ्या पट्ट्या, कठड्याच्या कडा इत्यादी भाग रंग न देता या लाकडाने दाखविता येतात. गाभा लहान निघतो व वाळताना तडकतो. म्हणून लहान तुकडे करून सावलीत दीर्घकाळ वाळवावे लागते.

बाभूळ. नैसर्गिक बाक असलेल्या फांद्यांतून फासळ्या व कोन काढणे ही नौकाकारांची जुनी रीत होय. प्रतिकृतीतही बाकदार डहाळीतून काढलेली फासळी सरळ फळीतून कापलेल्या फासळीपेक्षा अधिक मजबूत होते, कारण तिच्यातील तंतू बाकाबरोबर वळलेले असतात.

बांबू. मानवेल बांबूच्या बाहेरील कठीण भागाच्या कामट्या काढून त्या सोनाराच्या जंतरातून, म्हणजे तार बारीक करण्याच्या भोकांच्या पोलादी पट्टीतून, क्रमाने लहान भोकांतून ओढल्या असता अर्ध्या मिलिमीटरापर्यंत बारीक गोल खुंट्या मिळतात. फळ्यांच्या कडा शिवण्यापूर्वी जागच्या जागी धरून ठेवण्यास या खुंट्या उपयोगी पडतात. पूर्व आफ्रिकेतील 'म्टेपे' या शिवलेल्या नौकांतही फळ्यांच्या कडांत अशा खुंट्या असत.

सागास यातून पूर्णपणे वगळावे असे नाही. १:६ प्रमाणाच्या छेद-प्रतिकृतीत त्याची रंध्रे विशेष खटकत नाहीत, व मूळ द्रव्यच वापरल्याने टाक्याच्या ताणाखाली फळी कशी वागते हे समजते. यासाठी वृक्षतोड करण्याचे कारण नाही. सागाच्या तोडीस व वाहतुकीस वनखात्याचे नियम आहेतच. पाडलेल्या जुन्या वाड्यांच्या तुळया व चौकटी यांतील साग दशकानुदशके वाळलेला असतो आणि नव्या लाकडापेक्षा अधिक स्थिर असतो. हळदूच्या बाबतीतही सुताराकडील तुकडे पुरेसे होतात. ४१ सें.मी. लांबीच्या प्रतिकृतीस लागणारे लाकूड एका पाटापेक्षा जास्त नसते.

या प्रदेशातील काष्ठशिल्पाची परंपरा उपेक्षणीय नाही. कारंजा (लाड) येथील काष्ठासंघाच्या जैन मंदिरातील लाकडी कोरीव काम प्रसिद्ध आहे. बारीक कोरणीचे कसब या जिल्ह्यास परके नाही, एवढे त्यावरून सिद्ध होते.

६. ऋतुमान आणि लाकडाची हालचाल

लाकूड हवेतील आर्द्रतेनुसार फुगते व आकसते. वैशाखात विदर्भाची हवा इतकी कोरडी असते की लाकडातील पाण्याचा अंश पाच-सहा टक्क्यांपर्यंत उतरू शकतो; श्रावणात तो पंधरा टक्क्यांच्या आसपास जातो. सागाचे लाकूड वाढवलयांच्या स्पर्शरेषेच्या दिशेने ओल्याचे पूर्ण शुष्क होईपर्यंत पाच-सहा टक्के आकसते. त्या हिशेबाने ऋतूंमधील दहा टक्क्यांच्या फरकाने सुमारे दोन टक्के हालचाल होते. १३·५ सें.मी. रुंदीच्या ठोकळ्यात ती २·७ मि.मी. भरते, मूळ नौकेच्या प्रमाणात म्हणावयाचे तर तेरा सेंटीमीटर. एवढ्या हालचालीने फळ्यांचे सांधे उघडतात.

यावर तीन उपाय आहेत. पहिला, लाकूड अशा रीतीने चिरावे की फळीची रुंदी खोडाच्या त्रिज्येच्या दिशेने येईल. या दिशेने आकसणे जवळजवळ निम्मे असते. दुसरा, रुंद ठोकळ्याऐवजी अरुंद पट्ट्या वापराव्यात. तिसरा, सांधे जोडण्याचे काम दोन टोकांच्या ऋतूंत न करता कार्तिक-मार्गशीर्षात करावे, म्हणजे पुढील फुगणे व आकसणे दोन्ही बाजूंस वाटले जाते. वैशाखात जोडलेली नौका श्रावणात फुगून फळ्या उचलते. श्रावणात जोडलेली वैशाखात भेगाळते.

७. सांगाडा आधी की कवच आधी

प्रतिकृतीचा देह घडविण्याच्या चार पद्धती सामान्यतः प्रचलित आहेत. एका ठोकळ्यातून तासून काढणे. आडव्या फळ्यांचे थर एकावर एक चिकटवून मग तासणे. कण्यावर आडवे पडदे उभे करून त्यांवर पट्ट्या चढविणे. आणि प्रत्येक फासळी स्वतंत्रपणे घडवून त्यांवर फळ्या बसविणे. शेवटच्या दोन पद्धतींत सांगाडा आधी व फळ्या नंतर, असा क्रम आहे. सतराव्या शतकापासूनच्या युरोपीय जहाजांचा बांधणीक्रमही तोच असल्यामुळे तेथे प्रतिकृती व मूळ यांत विसंवाद उत्पन्न होत नाही.

शिवलेल्या नौकेत क्रम उलटा असतो. कणा, नाळ व पिछाडीचे खांब उभे केल्यावर तळाकडून फळ्या एकेक करून वर चढविल्या जातात. प्रत्येक फळी वाफेने वा उष्णतेने वाकवून खालच्या फळीस शिवली जाते. आणि कवच तयार झाल्यावर त्यास फासळ्या जुळवून बसविल्या जातात. नौकेचा आकार फासळी ठरवीत नाही, फळी ठरविते. प्रत्येक फळीचा बाक व कड तासण्याचा कोन यांतून पुढील फळीची दिशा ठरते. नौकाकाराचे ज्ञान याच निर्णयात साठविलेले असते.

अशा नौकेची प्रतिकृती पडद्यांवर पट्ट्या चिकटवून केली तर बाह्यरूप हुबेहूब येईल. परंतु आकार पडद्यांनी आधीच ठरविलेला असल्यामुळे नौकाकारापुढील मूळ प्रश्नच नाहीसा होईल. ती प्रतिकृती मूळ नौकेविषयी नवे काही सांगू शकणार नाही. उलट, अमुक आकाराचे कवच फळ्या वाकवून खरोखर बांधता येते का, ही शंका तिच्यामुळे झाकली जाईल. चित्रावरून आकार अनुमानिलेला असताना हीच शंका सर्वांत महत्त्वाची असते.

म्हणून संशोधनार्थ प्रतिकृतीत कवच आधी हा क्रम पाळावा. बाहेरून आधार म्हणून शिवणीच्या लाकडाचा काढता येणारा साचा चालेल. मात्र साच्याशी न जुळणारी फळी बळजबरीने बसवू नये. ती का जुळत नाही याची नोंद करावी. हळदूची एक-दीड मिलिमीटर जाडीची पट्टी काही मिनिटे उकळत्या पाण्यात ठेवून तापलेल्या धातूच्या नळीवर दाबली असता सावकाश वळते. वळताना ती तुटली तर पट्टीतील तंतू तिरपे आहेत किंवा बाक फार तीव्र आहे, असे समजावे. दुसरी शक्यता खरी असल्यास नौकेच्या कल्पित आकाराचाच पुनर्विचार करावा लागतो.

८. शिवण, दोर व शीड

१:६ प्रमाणाच्या छेदात दोन फळ्यांच्या सांध्यावर आतून काथ्याची वळकटी ठेवून तीवरून दोरी ओवली जाते. छिद्रे पाडण्यास जुना सामता आधुनिक यंत्रापेक्षा बरा, कारण त्याच्या मंद गतीने फळीची कड फाटत नाही. टाका ओढल्यावर छिद्रात लाकडाची बारीक पाचर ठोकून ताण कायम ठेवावा व छिद्र राळ आणि तेल यांच्या मिश्रणाने बुजवावे. शिवलेल्या नौकेचा मोठा गुण म्हणजे लाटेच्या आघाताखाली तिची लवचिकता. खिळ्याचा सांधा जेथे तुटतो तेथे टाक्याचा सांधा किंचित सरकतो. छेदाच्या एका टोकास वजन टांगून ही लवचिकता प्रत्यक्ष मोजता येते.

१:४८ च्या संपूर्ण प्रतिकृतीतील दोरांसाठी सूत वापरावे, आणि सुताची वाशिमला वाण नाही. मात्र आखूड धाग्याच्या देशी कापसाच्या सुतावर लव अधिक असते व लहान प्रमाणात ती फार ठळक दिसते. लांब धाग्याच्या कापसाचे बारीक सूत घेऊन ते दिव्याच्या ज्योतीवरून झर्रकन ओढावे, म्हणजे लव जळून जाते; नंतर मेणावरून फिरवावे. तयार दोरा वापरण्यापेक्षा तीन पदर वळून दोर करणे श्रेयस्कर. पदरांना जो पीळ असेल त्याच्या उलट दिशेने दोर वळला तरच तो उकलत नाही. आगळ, कासरे व दावी वळणाऱ्या कोणत्याही शेतकऱ्यास हे तत्त्व ठाऊक असते. २४ मि.मी. जाडीचा दोर १:४८ मध्ये अर्ध्या मिलिमीटरचा होतो. खैराच्या काताच्या पाण्यात बुडवून वाळविल्यास त्यास योग्य तपकिरी छटा येते.

शिडासाठी तलम मलमल घ्यावी. कापडाच्या पट्ट्या जोडल्याच्या शिवणी खऱ्या टाक्यांनी दाखविल्या तर त्या फार जाड दिसतात. कापडातील एक धागा ओढून काढल्यास शिवणीची सूक्ष्म रेषा आपोआप उमटते. चित्रातील शिडे उंच व अरुंद आहेत, हे प्रमाण कटाक्षाने राखावे; रूढ कल्पनेनुसार ती रुंद करण्याचा मोह टाळावा.

९. सरस, लेप व कीड

प्राण्यांच्या चामड्या-हाडांपासून केलेला जुना सरस गरम पाण्याने उकलतो, त्यामुळे चूक दुरुस्त करता येते. परंतु पावसाळ्यात तो मऊ पडतो व कीटकांचे खाद्य बनतो. पांढरा कृत्रिम सरस अधिक टिकाऊ आहे. मात्र त्यातून अॅसिटिक आम्लाची वाफ मंदपणे सुटत राहते, व बंद काचपेटीत ती साचल्यास शिशाच्या वस्तू पांढरी भुकटी होऊन झिजतात. संग्रहालयांतील अनेक नौकाप्रतिकृतींच्या शिशाच्या भागांचा नाश अशाच आम्लवाफांनी झाला आहे. म्हणून शिसे वर्ज्य करून तांबे किंवा पितळ वापरावे व काचपेटीस हवा खेळण्यापुरती फट ठेवावी. सागाचा भाग चिकटविण्यापूर्वी पृष्ठभाग स्पिरिटने पुसून तेल काढावे.

वरील लेपासाठी जवसाचे तेल व लाखेचे पातळ रोगण पुरेसे आहे. चकचकीत रोगण टाळावे. लहान प्रमाणात चकाकी नेहमी अवास्तव भासते. लाकडातील कीड मुख्यतः बाहेरील पांढऱ्या रसकाष्ठात लागते. ते काढून टाकणे हाच पहिला उपाय. दुसरा, घडणीपूर्वी लाकूड टाकणखार व बोरिक आम्ल यांच्या पाण्यात भिजवून वाळविणे.

१०. दृष्ट, अनुमित व कल्पित

संशोधनार्थ प्रतिकृतीचे शेवटचे व अपरिहार्य अंग म्हणजे तिची नोंद. प्रतिकृती पूर्ण वस्तू असते. तिला चित्रासारखी रिकामी जागा ठेवता येत नाही. पाण्याखालचा भाग ज्ञात नसला तरी तो घडवावाच लागतो. यामुळे पाहणाऱ्याच्या मनात सर्वच भाग सारखेच निश्चित आहेत असा ग्रह होतो. सुबकता जितकी अधिक, तितका हा ग्रह दृढ.

यासाठी प्रत्येक भागाची वर्गवारी तीन प्रकारांत करावी. चित्रात प्रत्यक्ष दिसणारा तो दृष्ट : नाळेची उंची, तीन डोलकाठ्या, शिडांचा आकार, सुकाणूची वल्ही. इतर नौकांच्या अवशेषांवरून व जिवंत परंपरेवरून निष्पन्न होणारा तो अनुमित : शिवलेले सांधे, फळ्यांचा क्रम. ज्यास कोणताही थेट आधार नाही तो कल्पित : फासळ्यांची संख्या, तळाचा नेमका बाक. ही वर्गवारी कागदावर ठेवण्यापेक्षा लाकडातच ठेवणे अधिक सुरक्षित. कागद गहाळ होतो, प्रतिकृती राहते. दृष्ट भाग हळदूचे, अनुमित भाग सागाचे व कल्पित भाग शिवणीचे केले तर तीन रंगछटांमुळे पुराव्याचे तीन स्तर पाहताक्षणी कळतात. पुराणवास्तूच्या जीर्णोद्धारात नवा दगड जुन्यापासून ओळखू येईल असा बसवितात, त्याच तत्त्वाचा हा विनियोग होय.

अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतींचा इतिहास या संदर्भात उद्बोधक आहे. रॉबर्ट गिल यांनी दीर्घ परिश्रमांनी केलेल्या प्रतींपैकी बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत भस्मसात झाल्या. ग्रिफिथ्स यांच्या अनेक प्रती १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टन येथील आगीत नष्ट झाल्या. मूळ चित्रेही तेव्हापासून झिजत आली आहेत. कोणतीही एक प्रत कायमची नसते, म्हणून प्रती अनेक असाव्या लागतात, आणि प्रत्येक प्रतीने आपण काय पाहिले व काय गृहीत धरले हे प्रामाणिकपणे सांगावे लागते.

११. उपसंहार

उपरोक्त विवेचनावरून असे दिसून येईल की, लाकडी नौकाप्रतिकृतीस समुद्रसान्निध्याची आवश्यकता नाही. हळदू, शिवण, टेंभुर्णी, बाभूळ, मानवेल, कापूस, जवस, लाख व मेण ही सर्व विदर्भाच्या अर्थव्यवस्थेतील परिचित द्रव्ये आहेत. काथ्या तेवढा बाहेरून आणावा लागतो. सुतार, बुरूड व सोनार यांचे कसब जवळच आहे. आवश्यकता आहे ती क्रमाच्या शिस्तीची व नोंदीच्या प्रामाणिकपणाची. पंधराशे वर्षांपूर्वी वत्सगुल्माच्या राज्यात भिंतीवर रंगविलेल्या नौकेचा तळ कसा होता, हे चित्रकाराने सांगितलेले नाही. तो प्रश्न हाताने, एकेक फळी वाकवूनच विचारावा लागेल, आणि एखादी फळी वळली नाही तर तेही उत्तर म्हणून लिहून ठेवावे लागेल.